तो आस, ती आस

देवास नाक्यावर धर्मकाट्याच्या खोलीला एकच खिडकी.
तिच्यातून ट्रक दिसतात ते कमरेखालचे :
टायर, चिखलपट्ट्या, लोंबती साखळी,
डिझेलच्या टाकीवर खडूनं लिहिलेला कुणाचा तरी फोन.

पहिल्याच आठवड्यात एक बारा चाकी आला, रिकामा,
आणि त्याची चार चाकं जमिनीला टेकलेलीच नव्हती.
मी रजिस्टर टाकून धावले : अहो, मोडलंय काहीतरी!
पंक्चरवाला इद्रिस हसला,
इतका, की जीरावन पोह्यांऐवजी पायजम्यावर.
"मोडलं नाही, बाई. बसवलंय तसं."

मग त्यानं मला वाकायला लावलं, साडी सावरून, टॉर्च घेऊन.
रबराचे फुगे, काळे, वळ्या पडलेले,
म्हाताऱ्या माणसाच्या मानेसारखे.
एक उचलणारा, दोन दाबणारे.
गाडी रिकामी असली की उचलणाऱ्यात हवा,
दाबणाऱ्यांतली बाहेर. फुस्स.
चाकं चार बोटं वर.
टायर झिजत नाही, डिझेल वाचतं,
वळताना रस्त्यावर रबर खरवडत नाही.
माल चढला की सगळं उलट.
केबिनमध्ये त्याला बटण आहे, डोअरबेलएवढं.

"म्हणजे हवेवर चाललंय?"
"हवेवरच. लोखंड नुसतं नाव लावतं."

कुठे हवा गळत असेल तर तो साबणाचं पाणी फासतो
आणि बसून राहतो बुडबुड्यांची वाट बघत.
रात्रभर उभ्या गाडीची चाकं पहाटे आपोआप खाली आलेली असतात,
कुणी न बोलावता,
काही काम नसताना.

शाळेत टिकेकर बाई शब्दांची लिंगं पाठ करून घ्यायच्या.
तो आस : चाकाचा.
ती आस : मनाची.
मला तेव्हा वाटायचं, एवढाच फरक असतो.

बलकार सिंग सरिया घेऊन आला त्या रात्री पाऊण वाजला होता.
काट्यावर छत्तीस टन दोनशे.
चाकं वर.
भरल्या गाडीत चाकं वर.
"खाली घ्या," मी खिडकीतून.
तो उतरलाच नाही. "वजन बदलणार आहे का?"

बदललं नाही.
त्यानं बटण दाबलं, फुगे फुगले, चाकं टेकली,
ट्रकनं एक दीर्घ श्वास सोडल्यासारखं केलं,
आणि माझ्या लाल आकड्यांत
छत्तीस टन दोनशे.
जसंच्या तसं.

काटा एकूण सांगतो.
कुणाच्या वाट्याला किती, ते त्याला विचारायचं नसतं.
ते मागच्या एकट्या आसाला माहीत, त्याच्या बेअरिंगला,
आणि मांगलियाच्या पुढे कुठेतरी
फुटणार असलेल्या टायरला.

बाबा अकरा महिने अंथरुणावर होते.
विश्वासदादा बडोद्याहून दर रविवारी फोन करायचा,
"आपल्या घरावर किती मोठा भार आलाय, सुलू."
आपल्या.
एकूण त्याचं बरोबरच होतं.

हे मी इद्रिसला सांगून बघितलं, चाकाशी जुळवून.
त्यानं पान्याला कापड पुसलं.
"माणसाला बटण नसतं, बाई," म्हणाला,
आणि मग जरा वेळानं,
"तुमच्या भावाला तरी कुठे कळलं असेल, आपली वर आहेत म्हणून.
आत बसलेल्याला कळत नाही. दिवा लागतो पुढे, तो बघावा लागतो."

बलकारला मी पावती दिली.
दोन्ही वेळचं वजन एकच, तरी दोन ओळींत लिहिलं,
पहिलीपुढे : चाके वर. दुसरीपुढे : चाके खाली.
असा रकाना रजिस्टरमध्ये नाही.
मी पट्टीनं आखून घेतला.

पहाटे तोच परत, सरिया उतरवून, हलका.
काट्यावर थांबला नाही, नुसता हॉर्न दिला.
चार चाकं हवेत,
आणि त्यातलं एक, डावीकडचं,
वाऱ्यानं की जुन्या वेगानं कोण जाणे,
आपलं आपण सावकाश फिरत होतं.