चार फुटाला दोन बोटं कमी

दुपारची वीज गेलीय वडगावात.
चारी माग एकदम गप्प,
आणि सुताच्या बिलाच्या पाठीवर
मी सहलीचं गणित मांडून बसलेय.

फोनवरचे नियम कन्नडात आहेत.
मला ती अक्षरं बसच्या पाटीपुरती येतात.
कस्तुरी भराभर वाचते, मराठीत सांगते,
मधलं काहीतरी गाळते असा मला संशय आहे.

हुबळीच्या पलीकडं नवं पार्क झालंय.
पाण्यात घसरणारी होडी, उलटा फिरणारा पाळणा,
खोट्या डोंगरातनं खरी आगगाडी.
सुट्टीच्या गर्दीत तिकीट दीडपट.
तीन फुटांच्या आतलं पोर फुकट.
मोठ्या पाळण्याला चार फूट उंची हवी.
"चपलेसकट की चपलेशिवाय?"
"ते लिहिलेलं नाही," ती म्हणाली,
जरा जास्तच लवकर.

रेवतीला फोन लावला, गडहिंग्लजला.
"दसऱ्याला तुमची सुट्टी, तेव्हा आमच्यात सहामाही.
दिवाळीला आमची सुट्टी, तेव्हा तुमची शाळा भरलेली.
कसं जमायचं गं?"
दीड-दोन तासांची वाट. मावशीकडं जाताना राज्य बदलतं,
पोरांना त्याचं काही नाही,
सुट्ट्यांना आहे.
उरतो मे महिना.
आणि मेमधे अख्खं हुबळी-धारवाड
त्या एका तळ्यात पाय सोडून बसलेलं असणार.

भरमाण्णा म्हणाला, "वहिनी, दसऱ्यात साडेचार हजार, डिझेलसकट.
मेमधे लग्नाची भाडी.
तेव्हा मी तुम्हाला ओळखायचोसुद्धा नाही."
सासूबाई म्हणाल्या, "घसरायला पैसे?
मी मोरीत फुकट घसरते."
हे म्हणाले, "खंडेनवमीला माग पुजायचे,
दुसऱ्या दिवशी दसरा, तिसऱ्या दिवशी जाऊया की.
तसाही त्या दिवशी कामाला कोण येतंय!"

म्हणजे ठरलंच.
रेवतीची पोरं नसतील, पण रांग नसेल.
रुद्रू अजून तीन फुटांच्या आत, त्याचं तिकीट वाचलं.
चपात्या, शेंगाचटणी, दह्यातले पोहे,
ओले कपडे आणायला दोन पिशव्या.
बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत,
हे कस्तुरीनं गाळलेलं मी नंतर शोधून काढलं.
म्हणून गेटाबाहेर गाडीत खायचं, अकरा वाजता, भूक असो नसो.
बेरीज तीनदा केली. तीनदा जमली.

मग बूट पुसायला घेतले.
कस्तुरीच्या बुटात बोट गेलं तर आत काहीतरी मऊ.
केशरी सूत, दाबून दाबून बसवलेलं,
टाचेखाली एक गोळा, दुसऱ्या बुटात तेवढाच.
मागाच्या खांबावर पेन्सिलीची रेघ आहे,
गणपतीत ओढलेली.
चार फुटाला दोन बोटं कमी.
मी गोळ्याची जाडी मोजली.
दोन बोटं.

ती दारात उभी. "आई, काय करूलालीस?"
"काय नाही. धूळ होती."

बिल पुन्हा उलटं केलं.
दसरा खोडला, मे लिहिला.
तिकीट दीडपट, भरमाण्णा अनोळखी,
रुद्रू तोवर तीन फुटांवर जाणार, त्याचंही भरावं लागणार
(हा उंच होतो तेव्हा नुकसान, ती होते तेव्हा फायदा,
असलं गणित कुठल्या शाळेत शिकवतात?)
रांगेत तीन तास, उन्हात, टोप्या पाच.
रेवतीची पोरं मात्र असतील.
बेरीज एकदा केली. जमली नाही.
तशीच ठेवली.

मग गोळ्यांचा गुंता सोडवत बसले,
सूत चांगलं होतं, टाकवेना.
अर्ध्यावर आले असेन,
तेवढ्यात वीज आली
आणि चारी माग एकदम बोलायला लागले.