पत्र्यावरचा बॉल

आमच्या माहेरच्या घराची मागची भिंत
तीच शाळेच्या मैदानाची भिंत.
पोरींनी तिकडं जायचं नसतं, एवढंच सांगितलेलं.
कामून, ते कुणी सांगितलं नाही.
मग मी शूटिंग बॉल कानानं पाहिला.
अकरा वर्षं. लग्न होईपर्यंत.

मुंजाजीची मूठ बॉलवर पडायची
ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तशी.
गफ्फारची नेटजवळची मूठ कोरडी, हलकी,
भाकरीवरून फिरणाऱ्या शेवटच्या हातासारखी.
डिगांबर मारायच्या आधी खाकरायचा.
पाथरीचा संघ आला की त्यांच्यातला एक जण
दर पॉइंटला आईवरून शिवी द्यायचा.
त्याचं नाव कळलं नाही. शिवी पाठ आहे.

भांडी घासता घासता माझा स्कोर चालायचा,
परातीवर राखेच्या रेघा.
एकोणीस-अठरा.
आई म्हणायची, परातीला भोक पाडतीस का गं?

आणि मोसमात दोन-तीनदा
बॉल भिंतीवरून आमच्या पत्र्यावर.
धाड.
कोंबड्या सैरावैरा, आईचा तोंडपट्टा,
भिंतीपलीकडं सगळे गप्प.
घामानं ओला, गरम, मातीचा वास असलेला तो बॉल
मी दोन श्वास पोटाशी धरायची
आणि मग फेकायची.
"शुक्रिया आपा," पलीकडून गफ्फार.
त्यानं मला कधी पाहिलं नव्हतं.
मी तरी त्याला कुठं.

आता पन्नाशी उलटली.
जत्रेला येते, पहिल्या रांगेत बसते,
प्लास्टिकच्या खुर्चीवर, भाचीच्या शेजारी,
आणि कुणी वळूनसुद्धा बघत नाही.
हे एवढं व्हायला किती साल लागले!
हॅलोजन, जनरेटर, भोंग्यावर कॉमेंट्री,
पहिलं बक्षीस एकावन्न हजार.
तेव्हा बोकड असायचा, खांबाला बांधलेला,
सगळ्यांत जास्त तोच ओरडायचा.

वाळूजच्या, चाकणच्या कंपन्यांतली आमची पोरं
मोबाईलवर मॅच बघतात, लाल बदाम पाठवतात.
ते समजतं.
पण मैदानात बसलेलेही मोबाईलवरच बघतात,
आणि मोबाईल सात-आठ सेकंद मागं.
म्हणून इथं प्रत्येक पॉइंट दोनदा होतो,
आधी मातीत,
मग खुर्च्यांमधून.

भाचा एका डोळ्यानं आयपीएल बघतोय.
"कोण जिंकायला पाहिजे रं?"
"दोन्हीकडचे माझेच हायेत आत्या, ॲपवर.
फक्त त्यो डावखुरा लवकर जावा."
मला पाथरीवाल्याची शिवी आठवली.
त्याला निदान माहीत होतं
आपण कुणाचे.

रागवायला गेले, पण राग टिकेना.
ह्याच मोबाईलवर प्रांजलची खो-खोची फायनल
वहिनीनं कापूस वेचता वेचता पाहिली
आणि सगळ्या पाथीतल्या बाया
कमरेला ओटी तशीच ठेवून ओरडल्या, पळ गं, पळ!
वहिनी अजून सांगते,
त्या दिवशी कापूस कमी भरला म्हणून.

मी डोळे मिटते.
भोंगा बाजूला सारते, जनरेटर बाजूला सारते.
उरतात मुठी.
सगळ्या अनोळखी. एक सोडून.
"डाव्या कोपऱ्यातला मुंजाजीचा कोण गं?"
"नातू. पण तुला काय माहीत?"
ओलं पोतं, मी म्हणते.
तिला कळत नाही. कळायचं कारणही नाही.

मग एकवीसच्या जवळ कधीतरी
एक फटका भिंतीवरून गेला.
धाड.
भावानं ते घर विकलं, आता तिथं कोण राहतं
मला माहीत नाही.
पंचानं शिट्टी मारली. पुन्हा मारली.
एक श्वास.
दोन.
मी खुर्ची सोडून उभी.
तिसरा.
बॉल आला, भिंतीवरून, जरा वाकडा,
आतून कुणीतरी दोन्ही हातांनी फेकलेला.

पोरांनी झेलला, खेळ लगेच सुरू.
कुणी काही म्हणालं नाही, म्हणून मीच ओरडले
भिंतीकडं तोंड करून, शुक्रिया!
भाची म्हणाली, आत्या, अगं खाली बस.

आणि मागं, शंभर मोबाईलांत,
आत्ता कुठं
पत्रा वाजला.