दोनाचे चार

मार्चमध्ये अख्ख्या इताउग्वाला ताप होता.
धुराची गाडी रात्री रस्त्यावरून गेली,
आमचं कुत्रं भुंकलं, डास हसले असावेत.
टायरात होतात, म्हणाले. ऑर्किडखालच्या बशीत होतात, म्हणाले.
त्या बशीत रोज पाणी मीच घालत होते.

ताप चार दिवसांत उतरला.
बाकीचं उतरलं नाही.

मनगटं, घोटे, बोटांची पेरं:
रात्रीतून कुणी सांध्यासांध्यात
वाळू भरून गेल्यासारखं.
डॉक्टर बेनेगास म्हणाले, पॅरासिटामॉल घ्या,
डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिनला शिवू नका.
मग म्हणाले, कदाचित महिने लागतील,
आणि स्वतःचाच अंगठा चोळत बसले.

शेजारच्या पेर्पेतुआबाईंनी कोंबडीची चरबी आणली, सताप आणला.
मी दोन्ही चोळलं.
वास राहिला. दुखणंही.

क्रिस्पुलो बस चालवतो. त्यालाही तेच.
लग्नात आमचे दोनाचे चार हात झाले होते;
त्या चार हातांना पेरूच्या मुरांब्याचं
एक झाकण उघडेना.
बरणी मध्ये ठेवून बसलो,
वाटणीवरून भांडलेले भाऊ बसतात तसे.
मग हसू आलं.
जबडा तेवढा दुखत नाही, हे तेव्हा कळलं.

मी न्यांदुती विणते. आमच्या भाषेत कोळ्याचं जाळं.
चौकटीवर कापड ताणायचं, सुईने आरे ओढायचे,
आऱ्यांत पेरूची फुलं भरायची, मुंग्यांची वारुळं,
आणि शेवटी खालचं कापडच कापून टाकायचं.
उरतो दोरा, आणि त्याने अडवलेली हवा.
असुन्सिओनच्या एका हॉटेलला बारा रुमाल कबूल केले होते.
सुई पडायची, पडल्याचं बोटांना कळायचं नाही.
त्या डासाच्या मादीच्या नावाने बोटं मोडावीत,
तर बोटं मुडपत नव्हती.

आरोग्य केंद्रात झुनिल्दा. तिच्याकडे
वितळलेल्या मेणाचं घमेलं आणि एक हिरवा रबरी चेंडू.
हात बुडवा, काढा, बुडवा. पाच थर.
वीस मिनिटांनी ती मेणाचा हातमोजा सोलायची;
आत माझ्या सुरकुत्या उलट्या उमटलेल्या.
मोजा परत घमेल्यात.
माझ्या आधीच्या बाईचे हातही
त्यातच वितळले होते.

चेंडू दाबा, दहा वेळा. जोर नको,
म्हणायची, हाताला विचारा.
मी विचारलं.
हाताने जूनपर्यंत उत्तर दिलं नाही.

जुलैत एक चक्र पुरं झालं, वाकडं,
सात आरे एका कडेला दाटलेले,
गर्दीच्या बसमध्ये दारापाशी दाटतात तसे.
हॉटेलला फोन करून नाही म्हटलं.
नाही म्हणायला सांधे लागत नाहीत.

बशी पालथी घातली आहे. ऑर्किड रुसलंय.

साडेचारला त्याची बस निघते.
गणवेशाची बटणं मी लावते, खालून वर,
वेळ लागतो, तो घड्याळाकडे बघत नाही.
गळ्याजवळचं राहतं.
थंडी आहे, तरी तो ते तसंच ठेवून जातो.

बरणी अजून फडताळात आहे.