तीन नळ्या, एक आडनाव

मंगळवारी, काल्यारीच्या इस्पितळात,
तीन मजल्यांवरून तीन नळ्या उतरल्या माझ्या टेबलावर.
आडनाव एकच : मेरेऊ.
बाकिझिओ, मज्जातंतू विभाग.
बोनारिया, सांधे.
धाकटा गाविनो, साखर.

तीन फायली, तीन डॉक्टर
लिफ्टमध्येसुद्धा एकमेकांना न भेटणारे.
थोरल्याच्या नसांवरचं आवरण सोलवटत चाललंय,
बोनारियाची मूठ सकाळी दहापर्यंत वळत नाही,
आणि गाविनोच्या स्वादुपिंडातली बेटं
(बेटावरच्याच पोराच्या पोटात बेटं!)
एकेक करून विझलीत.

मी नळ्या फिरवते. यंत्र आकडे ओकतं.
त्याच पेशी चवताळलेल्या,
तोच निरोप रक्तभर : परका घुसलाय, परका.
आवाज एकच. दारं तेवढी वेगळी.

कुंपणच शेत खातं, ठीक.
पण कुंपणाला दात कधी फुटले?
कदाचित इथल्या दलदलीत,
पणजोबांच्या काळी, हिवतापाने माणसं नेली तेव्हा
जी उरली, त्यांचं रक्त जरा शीघ्रकोपी होतं.
डास गेले, ताप गेला,
तापटपणा राहिला.
कदाचित. मी नुसती तंत्रज्ञ आहे.

बाहेर त्यांची आई,
फडक्यात मेंढीच्या दुधाचं चीज, तीन वाटे केलेलं.
लिफ्टवर तिचा विश्वास नाही,
दिवसभर जिन्यानेच वरखाली.
विचारते, ''माझ्याकडून आलं, की त्यांच्या बापाकडून?''

मी खिशातली थायरॉइडच्या गोळ्यांची पट्टी चाचपते.
माझं आजोळ तिच्याच गावचं.
म्हणते,
''कठड्याला धरून उतरा, मावशी.''