घड्याळ उतरवताना

तपासनीस आला तेव्हा भरती होती,
गुडघ्यापर्यंत पँट ओली.
नाव आबेल्यार्दो. पिशवीत कायदा,
चौदा पानं, स्टेपल केलेली,
कोपऱ्याला सुक्या मासळीचा वास.

"माना सेपा," म्हणाला, "हे उतरवायला लागेल."
बाळंतपणाच्या खोलीतलं घड्याळ.
बाराच्या जागी डबा, सहाच्या जागी गुटगुटीत बाळ,
मधोमध कंपनीचं नाव, काट्यांच्या मुळाशी.
एकोणीस वर्षं त्यात बघून मी जन्मवेळा लिहिल्या.
समारच्या या किनाऱ्यावर
एकोणीस वर्षांखालचं प्रत्येक पोर
कंपनीच्या वेळेवर जन्मलंय.

मग त्याने बाकीचं मोजलं.
वजनकाट्यावरचं कापड, डॉक्टरांची छत्री,
मे महिन्यातच अडकलेलं कॅलेंडर.
पेनाची ओळ त्याने माझ्याच पेनाने लिहिली,
अर्ध्यात थांबला, पेन उलटंसुलटं करून पाहिलं,
आणि आम्ही दोघंही हसलो.

डब्यांची ओळ रिकामी राहिली.
डबे मी केव्हाच वाटून टाकले होते.

रोझेंदाला पहिला डबा मीच दिला,
पांढऱ्या गणवेशात, दोन्ही हातांनी.
दुसरा दिवस, दूध अजून उतरायचं होतं,
चीक येत होता थेंब थेंब, पोर टाहो फोडत होतं.
"पुरेल ना?" तिने विचारलं,
अंगावरच्या दुधाबद्दल.
मी उत्तर दिलं डब्याकडे बघून.

अंगावरचं दूध आणि वरचं दूध.
फरक शब्दात एवढाच,
अंग तेवढं गाळलेलं.

फुकटचा डबा नऊ दिवस पुरला.
नऊ दिवसांत छाती विसरते.
(कुणीतरी हे मोजलं असेल.
कुठल्यातरी शहरात, गार केलेल्या खोलीत,
कुणीतरी नक्की मोजलं असेल.)
दहाव्या दिवशी डब्याला किंमत होती,
नवऱ्याची चार दिवसांची मासळी.
मग चार चमच्यांऐवजी तीन,
तिनाऐवजी दोन,
वादळांच्या महिन्यात होड्या ओढून ठेवल्या तेव्हा एक.
बाटलीतलं पाणी जेमतेम ढगाळ.
ढग पाजत होती ती पोराला.

मेला नाही तो.
सांगते, कारण तुम्ही तसंच धरून चालला असाल.
दोनदा सलाइन, एकदा लाँचमधून कॅटबालोगनला,
आणि आता सतरा वर्षांचा, वल्ह्यासारखा,
भावांमध्ये उभा राहिला की पायरी चुकल्यासारखा वाटतो.
रोझेंदा बाजारात भेटते, माझी पिशवी उचलते.
"माना, अडचणीत तुम्हीच डबा दिलात,
देव तुमचं भलं करो."
शिवी दिली असती तर झोप लागली असती.

हे सगळं मी आबेल्यार्दोला सांगितलं,
कॉफी करता करता, त्याच्याकडे पाठ करून.
तो बराच वेळ बोलला नाही.
मग म्हणाला, डब्यावर बंदी नाही, माना.
कुणाची आई बाळंतपणात जाते,
कुणाला खरंच लागतो.
आमचं भांडण आहे ते डब्यावरच्या हसण्याशी.
आणि स्टुलावर चढून त्याने घड्याळ काढलं.
ते त्याच्या काखेतही चालूच होतं.

रात्री ल्यूनिंगची पोरगी आली.
नाळ कापायच्या आधी सवयीने मान वर केली मी,
भिंतीवर फिकट गोल, मधे खिळा.
पोरीला आईच्या उघड्या छातीवर ठेवलं.
डोळे मिटलेले, तोंड शोधत,
खेकड्याच्या पिलासारखी तिरकी सरकत राहिली.
ल्यूनिंगने विचारलं, "पुरेल ना?"
या वेळी मी तिच्याकडे बघत होते.
उत्तराची घाई केली नाही, शेजारी बसले,
पोरीची हनुवटी जरा वर केली.

वेळ लिहायची राहिली होती.
पेन जप्त. शिसपेन मिळाली ड्रॉवरमध्ये, चावलेली.
रकान्यात लिहिलं:
ओहोटी लागली तेव्हा.

वरून विचारणा येईल.
येऊ दे.