निळी गुंडी

दोन्ही झगे मीच बेतले,
किओज्जाच्या एका कोळ्याच्या जुन्या शिडातून.
गेरूत रंगवलेलं, वादळात फाटलेलं कापड,
कितीही धुतलं तरी मासळीचा वास सोडीना.
एक अल्वीझेला, एक त्याच्या जुळ्या भावाला.
जुळा कसला, पादोव्हाचा न्हावी तो,
नाक तेवढं मेणाचं.
पण झगे चढवले की
एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा.

मासळीबाजारात चार पिंपांवर फळ्या टाकायच्या,
झाला रंगमंच.
समोर मिठागरांवरचे मजूर, जाळी विणणाऱ्या बायका,
मागं कालव्यात होड्या, होड्यांतही माणसं.
खेळ सगळ्यांना पाठ.
सावकार भलत्याच्याच दाराशी,
नवरी भलत्याच्याच गळ्यात,
आणि पत्र?
पत्र दर वेळी भलत्याच हातात.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.
आमच्याकडं संन्यासी नाही, बोर्तोलो आहे.
पत्र पोचवणारा नोकर.
दोन पट्ट्यांची काठी त्याच्या पाठीवर वाजते
आणि बाजार हसून हसून वाकतो.
आवाज मोठा, मार थोडा, असं मालक सांगतात.
मालकांनी कधी पाठ उघडी करून दाखवावी.
पेरीनाला बसणारी थप्पडही खोटीच,
लाल होतो तो गाल तेवढा खरा.

पाचव्या अंकात दोघं भाऊ शेजारी उभे राहतात.
लोक ‘ओऽ!’ करतात,
जसं काही आज पहिल्यांदाच कळलं.
मग सगळे सगळ्यांच्या पाया पडतात,
नवरा नवरीच्या, सावकार न्यायाधीशाच्या.
बोर्तोलो कडेला मेणबत्त्या विझवत असतो.
त्याला ‘चुकलं’ म्हणायचं
संहितेत लिहिलेलंच नाही.

रात्री होडीत मी त्याच्या पाठीला तेल चोळते,
दिव्यातलंच, उरलेलं.
कुठल्या गावाला किती हसू आलं
ते बोटांना कळतं.

एकदा कुणाला न सांगता
परगावच्या भावाच्या झग्याला मी निळी गुंडी लावली.
काचेची, बैलाच्या डोळ्याएवढी.
म्हटलं, आता तरी कळेल कोण कुठला.
पेरीना नेमकी तीच गुंडी मुठीत धरून
भलत्याच्या छातीवर रडली.
न्यायाधीशानं तिच्याकडंच बोट दाखवून
भलत्यालाच कैद सुनावली.
बोर्तोलो पत्र घेऊन आला,
गुंडीकडं टक लावून बघितलं त्यानं,
आणि पत्र तिथंच दिलं.
काठी. हसू. काठी.

‘दिसली नाही तुला?’
‘दिसली की.’
पालथा पडून तो पोलेंटाचा गार गोळा चावत होता.
‘योग्य हातात दिलं असतं
तर पहिल्याच अंकात लोक घरी गेले असते.
मग हे काय खाल्लं असतं आपण?’
मी तेल चोळत राहिले. थोडं जोरातच.

गुंडी मी काढली नाही.
तीन हंगाम झाले, कुणाला खुपली नाही.
मग गेल्या आठवड्यात, कुठल्याशा बेटावर,
ईल विकणाऱ्या बाईची पोर, दात पडलेली,
पिंपावर चढून ओरडली:
‘तो नव्हे! तो नव्हे!
अरे, गुंडी बघा ना त्याची!’

बाजार असा हसला
की खालच्या होड्या हलल्या.
बोर्तोलोचा पत्राचा हात
हवेत राहिला.
एक श्वास. दोन.
मी पडद्यामागं सुई तोंडात धरून उभी.

अल्वीझेनं त्याच्या पोटरीत हळूच लाथ घातली,
आणि पोरीला
तिच्या आईनं झग्याला धरून
खाली ओढून बसवलं.