मोडीचा भाव

रात्री दीडला तांबट लेनमध्ये
फक्त माझा मॉनिटर जागा असतो.
खेळातला एकडोळ्या सौदागर
माझी तलवार तळहातावर तोलतो.
याच्याकडूनच घेतली, चारशे मोहरांना.
आता म्हणतो, नव्वद.
वाक्चातुर्य वाढव, मग बोलू.

लांडग्याच्या कातड्यांचं तर विचारूच नका.
जो तो मारून आणतोय,
आठवडाभर भाव पडलेलाच.

राग येत नाही मला. आमचंच दुकान की हे.
अप्पा नवं पातेलं किलोवर देतात,
जुनं मोडीत घेतात, घट धरून,
वर म्हणतात, कल्हईचं वजन तुमचं नाही हो.

एकच गोष्ट उलटी:
तिथे तलवारीवर नाव कोरलेलं असलं
की किंमत तिप्पट.

काल मखमलाबादहून एक बाई घागर घेऊन आल्या.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी:
चि. सौ. कां. भागीरथीस मामाकडून, १९७१.
काट्यावर चार किलो दोनशे.
अप्पांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला
आणि तांब्याचा भाव सांगितला.

बाई म्हणाल्या, ठीक.

आज मोडीच्या ढिगात ती घागर नाही.
विचारलं, तर अप्पा चष्मा पुसत म्हणाले,
गिऱ्हाईक बघ.